पाच मागे, एक पुढे

पोतनिसांच्या गाडीचा दुसरा गिअर सुटतो, ही गोष्ट उज्जैनच्या फ्रीगंजात पोस्टमनलाही ठाऊक होती.

गाडी १९३८ची, विलायती. महूच्या छावणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना ती यज्ञेश्वर पोतनिसांच्या वडिलांना विकून गेला होता. बॉनेटवरचं नाव कधीच गळून पडलं होतं, त्यामुळे ती कोणत्या कंपनीची यावर टावर चौकातल्या पानाच्या ठेल्यावर दोन पक्ष होते आणि दोन्ही चुकीचे होते. तिला गिअर तीन. पहिला किरकिरायचा, तिसरा बरा होता, आणि दुसरा टाकला की शंभर पावलांवर खट्ट करून बाहेर यायचा. त्याला जागेवर ठेवायचं तर कुणीतरी दांडा हातानं धरून बसावं लागे. यज्ञेश्वररावांची लेक मृण्मयी पाच वर्षांची झाली तेव्हापासून हे काम तिच्याकडे आलं. टावरपासून देवास गेटपर्यंत ती दोन्ही हातांनी दांडा धरून, ओठ घट्ट मिटून बसायची. वडील म्हणायचे, "धर." ती म्हणायची, "धरलंय." शाळेत बाईंनी मोठेपणी कोण होणार म्हणून विचारलं, तेव्हा तिनं गिअर धरणार असं सांगितलं होतं.

तिचं लग्न चौऱ्याण्णव साली इंदूरला झालं. नवरीला याच गाडीतून कार्यालयात न्यायचं, हा यज्ञेश्वररावांचा हट्ट. पण नवरीच्या दोन्ही हातांवर मेंदी, दांडा धरणार कोण? वाटेतल्या सांवेरच्या अलीकडे दुसरा गिअर जो सुटला तो जाताना चार दात घेऊन गेला. शेवटी एका शेतकऱ्याला दया आली आणि त्यानं ट्रॅक्टरला दोर बांधला. कार्यालयाच्या दारात बँड वाजत होता. पुढे ट्रॅक्टर, मागे पोतनिसांची गाडी, आणि गाडीत मुंडावळ्या बांधलेली नवरी, अशी मिरवणूक आत शिरली. व्याही गोपाळकृष्णराव सरमंडल स्वागताला उभे होते. ते हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "या व्याही."

गोपाळकृष्णराव मनानं वाईट नव्हते. पण एखाद्या माणसाला आयुष्यात एकच विनोद जमला की तो त्याला पुरवून पुरवून खातो. दिवाळीला भेटले की, "काय पोतनीस, पेरण्या कशा आहेत?" संक्रांतीला, "ट्रॅक्टर धुतलात की नाही?" त्यातच देशात नव्या गाड्यांचा सुकाळ झाला. पूर्वी गाडीसाठी नंबर लावून माणसं म्हातारी व्हायची. आता शोरूमवाले फोन करून बोलवू लागले. गोपाळकृष्णरावांनी चांदीच्या रंगाची नवी गाडी घेतली. ती दाखवताना ते रंग दाखवत नसत, एसी दाखवत नसत. दांड्याच्या मुठीवरचे आकडे दाखवत आणि म्हणत, "पाच."

हे सगळं यज्ञेश्वररावांनी गिळलं होतं. सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षं हेड ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसाला गिळण्याची सवय असते. पण शहाण्णवच्या जून महिन्यात इंदूरहून फोन आला. मृण्मयीला दिवस गेले होते. डोहाळजेवण दसऱ्यानंतरच्या रविवारी, दुपारी बारा वाजता. आई प्रतिभाताई तिथल्या तिथे डोळे पुसू लागल्या. यज्ञेश्वररावांनी रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "येतो. गाडीनंच येतो."

पलीकडून मृण्मयी म्हणाली, "बाबा, तुम्ही बसनंच या ना."

तिनं हे हळू सांगितलं, आणि हळू सांगितलं म्हणूनच ते लागलं. ज्या पोरीनं बारा वर्षं दांडा धरला, तिला आता आपल्या गाडीची लाज वाटते, म्हणजे आपलीच वाटते. यज्ञेश्वरराव त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी ते देवास गेटमागे याकूब उस्तादांच्या गॅरेजमध्ये गेले आणि म्हणाले, "उस्ताद, मुझे पाँच गियर चाहिए."

याकूब उस्ताद सत्तरीला टेकलेले. हात लावला की नट कोणत्या पान्याचा ते डोळे मिटून सांगत. त्यांनी विडी विझवली. "किस गाड़ी में, साब?"

"अपनी ही."

"साब, वो गाड़ी तीन की पैदाइश है."

पण उस्तादांना नाही म्हणायची सवय नव्हती आणि यज्ञेश्वररावांना ऐकायची. इंदूरच्या भंगार बाजारात अपघातात चेपलेल्या एका काँटेसा गाडीचा पाच गिअरचा धडधाकट गिअरबॉक्स मिळाला. तो सायकल रिक्षातून घरी आला, तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. कुणीतरी विचारलं, "भिया, बोअरिंग करवा रहे हो क्या?"

मग पावसाळाभर पोतनिसांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली जे चाललं, त्याला प्रतिभाताई 'तुमचं ते' म्हणायच्या. जुन्या इंजिनाच्या पाठीवरची भोकं एका मापाची, नव्या गिअरबॉक्सच्या तोंडावरची दुसऱ्या मापाची. दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये पोलादाची जाड प्लेट हवी. यज्ञेश्वररावांनी तिचं ड्रॉइंग केलं, ट्रेसिंग पेपरवर, एकास एक मापात, बाण आणि तारखेसकट, खाली उजव्या कोपऱ्यात सही करून. लेथवाल्यानं प्लेट कापली, ती केसभर तिरकी निघाली. यज्ञेश्वररावांनी ती परत पाठवली. दुसरी आली, तीही परत पाठवली. तिसरी बसली. क्लचच्या प्लेटचा मधला भाग नव्या गाडीचा आणि कडा जुन्या गाडीच्या, असं रिवेट मारून जमवलं. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट साडेचार इंच कापून पुन्हा जोडला. ड्रॉइंगवर ड्रॉइंग वाढत गेली. देवघराशेजारच्या भिंतीवर सतरा कागद लागले.

एकाच गोष्टीचं ड्रॉइंग त्यांनी केलं नाही. मागच्या आसाच्या मधोमध क्राउन-पिनियनचा गोळा असतो. शाफ्टचं फिरणं तो चाकांकडे वळवतो. नव्या शाफ्टची फ्लँज, म्हणजे टोकाची चकती, या गोळ्याला बसेना, म्हणून तो बाहेर काढून त्याचं तोंड बदलून आणावं लागलं. यज्ञेश्वरराव म्हणाले, "याचं काय काढायचं ड्रॉइंग? काढला तसा लावायचा." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल रिकामा राहिला नाही, तो उलटा जुंपला गेला. ते कसं, ते सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडी अजून तुकड्यांतच होती. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची, वाहनांची पूजा करायची असते, आणि पोतनिसांच्या घरात पूजा म्हणजे अक्का. अक्का ही यज्ञेश्वररावांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आयुष्यात कधी चूक न केलेली. निदान ती चूक आहे असं तिला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. ती तबक घेऊन शेडमध्ये आली, बाकावर मांडलेले तुकडे पाहिले आणि म्हणाली, "यज्ञा, गाडी कुठे आहे?"

"हीच, अक्का. सुटी आहे."

"मग सुटी पूजा करू."

तिनं प्रत्येक तुकड्याला हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं, आणि मोठ्या तुकड्यांवर तेलात कालवलेल्या शेंदरानं बोटानं ठसठशीत 'श्री' काढला. गिअरबॉक्सवर श्री. पोलादी प्लेटवर श्री. क्राउन-पिनियनचा गोळा विटेवर टेकवून ठेवला होता, जसा हातातून सुटला तसा. त्याच्या मानेवर श्री. तेल-शेंदूर लोखंडाला असा धरतो की रॉकेलनंही निघू नये. मग अक्का उस्तादांना म्हणाली, "उस्ताद, नीट बसवा हं. मी बघणार आहे."

ती खरंच बघायची. दसऱ्यानंतर जोडणी सुरू झाली तशी अक्का रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन शेडमध्ये यायची आणि वाकून आपले श्री तपासायची. एकदा प्लेटवरचा श्री आडवा आला, कारण भोकंच तशी होती. तिनं नुसतं "हं" केलं. त्या "हं"नं दोन पुरुष माणसं रात्रभर अस्वस्थ राहिली.

शुक्रवारी गोळा परत लावायची वेळ आली. त्याच्या गोल कडेला दहा बोल्ट, सारख्या अंतरावर. असा लावा की तसा, बसायचाच. उस्तादांनी तो छातीशी धरून गाडीखाली नेला, फिरवला, आणि त्यांचा हात थांबला.

"साब, मेरा हाथ बोलता है, क्राउन उस तरफ थी."

यज्ञेश्वररावांनी खाली वाकून पाहिलं. उस्तादांच्या हाताप्रमाणे लावलं तर श्री पार खाली डोकं वर पाय होत होता. तीस वर्षं माप घेतल्याशिवाय रेघ न ओढलेला हा माणूस. भिंतीवर सतरा कागद होते, अठरावा असता तर भागलं असतं. पण त्या क्षणी त्यांना कागद आठवला नाही, अक्काचा "हं" आठवला.

"उस्ताद, श्री उलटा?"

"वो तो है," उस्ताद म्हणाले. "बड़ी बाई का लिखा, ऊपर से भगवान का नाम. मुझसे तो उलटा नहीं लगेगा."

"तो फिर सीधा लगाओ."

उस्तादांनी गोळा फिरवला. श्री सरळ झाला. संध्याकाळी अक्कानं बॅटरी मारली आणि मान डोलावली, तेव्हा दोघांनाही परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी दुपारी गाडी पूर्ण झाली. अक्कानं फर्मान काढलं की शनिवारी लोखंडाची नवी चाल सुरू करायची नाही, गाडी उद्याच हलेल. बऱ्याच विनवण्यांनंतर तिनं एवढी सूट दिली की चाकं जमिनीला टेकत नसतील तर ती चाल नव्हे. म्हणून मागची चाकं जॅकवर उचलून इंजिन सुरू केलं. यज्ञेश्वररावांनी पहिला टाकला. दुसरा टाकला. तो सुटला नाही. तिसरा, चौथा, पाचवा. वेगाचा काटा त्यांच्या हयातीत कधी गेला नव्हता तिथे गेला. त्यांची नजर काट्यावर होती. उस्ताद खाली आडवे पडून प्लेटला कान लावून होते. अक्का डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. प्रतिभाताई पेढे घेऊन मागच्या चाकापाशी उभ्या होत्या आणि चाक बघत होत्या.

रविवारी सकाळी सात वाजता गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती, हार घालून. पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू. अक्कानं नारळ फोडला. डोहाळजेवणाची हिरवी साडी, ओटीचं सामान, करंज्यांचा डबा, सगळं मागच्या सीटवर ठेवलं. यज्ञेश्वररावांनी धुतलेला सदरा घातला होता. दहाला इंदुरात पोचायचं आणि मुठीवर बोट ठेवून व्याह्यांना फक्त "पाच" म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि अलगद क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

ती प्रतिभाताईंच्या दोन कुंड्या घेऊन गेली आणि धुण्याच्या दगडाला टेकून बंद पडली. लिंबं होती तिथेच होती, अगदी ताजी.

"चुकून रिव्हर्स पडला," यज्ञेश्वरराव म्हणाले. त्यांनी गाडी जोर लावून पुढे ढकलवली आणि दुसरा टाकला. गाडी मागे आली. तिसरा टाकला, मागे. चौथा, पाचवा, मागेच. मग त्यांनी रिव्हर्स टाकला, आणि गाडी दिमाखात पुढे गेली आणि दोन्ही लिंबं चिरडून फाटकापाशी थांबली.

"निघाली की," अक्का म्हणाली.

उस्ताद गाडीखाली शिरले आणि खूप वेळ बाहेर आले नाहीत. माणूस काम करत असला की पाय हलतात. यांचे पाय स्थिर होते. शेवटी आले ते यज्ञेश्वररावांना बाजूला घेऊन गेले. "साब, गोला पलट गया है. पाँच पीछे, एक आगे." मग आवाज आणखी उतरवून म्हणाले, "मेरा हाथ बोल रहा था."

"किती वेळ लागेल?"

"शाम हो जाएगी."

प्रतिभाताईंनी हे ऐकलं. "काल जॅकवर चाक उलटंच फिरत होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत? मला वाटलं, वर उचललं की तसंच फिरत असेल. तुम्ही दोघं एवढे हुशार तिथे होता."

यज्ञेश्वरराव ओट्याच्या पायरीवर बसले. हात दाखवून अवलक्षण, ते हेच. शेडमध्ये उभ्या गाडीची कुणी टिंगल करत नाही. यांनी चार महिने खपून टिंगल तयार करून घेतली होती. एकोणसाठ वर्षांच्या त्या माणसाला रडू येत होतं आणि ते लपवायला जवळ वर्तमानपत्रही नव्हतं. प्रतिभाताई शेजारी बसल्या.

"नानाखेड्याहून साडेआठची बस आहे. आपण बसनं निघून जाऊ. लेक तेच तर म्हणाली होती."

लेक तेच म्हणाली होती. यज्ञेश्वरराव उठले.

"उस्ताद, पुढे जाते ना?"

"एक गियर में, साब. साइकिल की चाल से."

"इंदूर पुढेच आहे ना? मग मागचे पाच आपल्याला लागतात कशाला?"

प्रतिभाताईंनी कपाळाला हात लावला आणि मग साडीच्या निऱ्या सावरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. "बसमध्ये बसून तुमची काळजी करायची, त्यापेक्षा गाडीत बसून करते," त्या म्हणाल्या. उस्ताद तेलाचा डबा आणि पाण्याचा कॅन घेऊन त्यांच्या शेजारी बसले. पुढे अक्का.

गाडी फाटकाबाहेर रस्त्याला लागली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. रिव्हर्सचा गिअर काही गाडी ओढायला केलेला नसतो. बिचाऱ्याचं काम दहा-वीस पावलांचं. शंभर पावलं झाली आणि तो खट्ट करून बाहेर आला.

यज्ञेश्वररावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अठ्ठावन्न वर्षांचं दुखणं, नवा गिअरबॉक्स घातला तरी तेच. त्यांनी पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. तेव्हा अक्कानं पदर खोचला आणि उजव्या हातानं दांडा धरला. "चल," ती म्हणाली.

आणि गाडी चालली, इंदूर रोडनं. रिव्हर्सचा जो आवाज सुरू झाला तो थांबेचना, तुतारी आणि रडणं यांच्या मधलं काहीतरी. शेतातली माणसं उभी राहून बघत. त्रिवेणीच्या शनिमंदिरापाशी अक्कानं एका हातानं नमस्कार केला, कारण दुसरा गुंतला होता. बैलगाड्या मागे पडल्या, एवढंच समाधान. बाकी सगळे पुढे गेले. साडेआठची बस गेली, तिच्या खिडक्यांतून ओळखीची डोकी बाहेर आली. एक दूधवाला सायकलला कॅन अडकवून मैलभर शेजारून चालला होता.

"बाबूजी, कौन सी गाड़ी है?"

"पाँच गियर की," यज्ञेश्वरराव समोर बघत म्हणाले.

दूधवाल्यानं विचार केला. "अभी कौन सा डाला है?"

यज्ञेश्वररावांनी हॉर्न वाजवला. दूधवाला रामराम करून पुढे निघून गेला.

वाटभर ते मनातल्या मनात थापा जुळवत होते. इंजिन नवं आहे म्हणून हळू आणली. अक्काला वेग सोसत नाही. सरकारी माणसाला थाप कागदावर चांगली जमते, तोंडी जमत नाही. एकही धड जुळेना.

सांवेरला पाणी उकळलं, म्हणून थांबले. तिथे उलट्या मारुतीचं देऊळ आहे, मूर्तीचं डोकं खाली. अक्का दर्शनाला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वर्गात कॉपी सापडल्यावर यायचा तो भाव होता. तिनं थेट उस्तादांना विचारलं.

"उस्ताद, त्या गोळ्यावरचा माझा श्री कसा लागला?"

"सीधा, बड़ी बाई. एकदम सीधा."

"आणि मी काढला तेव्हा गोळा विटेवर कसा ठेवलेला होता?"

उस्तादांनी यज्ञेश्वररावांकडे पाहिलं. यज्ञेश्वररावांनी रेडिएटरकडे पाहिलं.

"म्हणजे उलटा," अक्का म्हणाली. "आणि माझ्या भीतीनं तुम्ही गाडी उलटी केलीत. यज्ञा, अरे, इथे मारुती शेकडो वर्षं उलटा उभा आहे. त्याचं काही अडलं नाही. देवाला उलटं-सुलटं नसतं, गाडीला असतं." मग तिनं पुढची सीट गाठली आणि दांडा धरला. थोड्या वेळानं, समोर बघतच, ती हळू म्हणाली, "चूक माझी पण आहे." यज्ञेश्वररावांनी हे वाक्य एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्यांना इंदूरचा विसर पडला, तो पुढचे दोन मैल.

सरमंडलांच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा साडेबारा झाले होते. आवाज आधी पोचला होता. फाटकापाशी पाहुणे जमले होते आणि सर्वांत पुढे, घड्याळ बघत, गोपाळकृष्णराव. शेजारी त्यांची चांदीच्या रंगाची गाडी. गाडी थांबली. अक्कानं सांवेरनंतर पहिल्यांदा दांडा सोडला. तिची बोटं सरळ होत नव्हती.

गोपाळकृष्णराव पुढे आले, वाकून खिडकीतून मुठीवरचे आकडे पाहिले. "वा पोतनीस. पाच बसवले म्हणे. मग उशीर कसा?"

आता थाप मारायची. यज्ञेश्वररावांनी तोंड उघडलं. पण पाहुण्यांच्या मागे, झोपाळ्यावरून उठून, मृण्मयी आली होती. केसांत, दंडात, मनगटात फुलांचे दागिने, हिरवं पातळ, सातव्या महिन्याचं जड पोट. ती त्यांच्याकडेच बघत होती. तिच्यासमोर थाप मारणं त्यांना जमेना.

"पाच आहेत," ते म्हणाले. "पाचही मागे जातात. पुढे जायला एकच आहे, रिव्हर्सचा. त्यावर आलो उज्जैनपासून. तोही सुटतो. अक्का धरून बसली होती."

कुणीतरी फिसकन हसलं आणि त्यापाठोपाठ सगळे हसले. गोपाळकृष्णराव फाटकाला धरून हसत होते. यज्ञेश्वरराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. प्रतिभाताईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मृण्मयी गर्दीतून वाट काढत गाडीपाशी आली. "अक्का, सरका," ती म्हणाली.

अक्का उतरून मागे गेली. मृण्मयी पोट सांभाळत, फुलं चुरगळत, पुढच्या सीटवर बसली आणि दार लावून घेतलं. ती वडिलांकडे बघत नव्हती.

"मी बसनं या म्हणाले, कारण मला लाज वाटत होती. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं सगळे ट्रॅक्टर ट्रॅक्टर करतात आणि मला उत्तर देता येत नाही. वर तुम्ही कळवलंत, आता नवा गिअर येतोय, तो सुटणार नाही. मग या गाडीत माझं काय राहिलं?"

गोपाळकृष्णराव हसायचे थांबले होते. ते खिडकीपाशी आले. "सूनबाई, ओटीचा मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त आईच्या हातात आहे आणि आई मागे बसलीय. एक चक्कर मारून येतो, अण्णा. तुम्हाला यायचं तर मागे बसा."

गोपाळकृष्णरावांनी आपल्या चांदीच्या गाडीकडे पाहिलं, या गाडीकडे पाहिलं. मग ते मागे बसले, उस्ताद आणि अक्का यांच्या मध्ये, करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन.

यज्ञेश्वररावांनी इंजिन सुरू केलं. रिव्हर्स टाकला. गाडी रडत-ओरडत पुढे निघाली. गल्लीच्या टोकाशी, शंभर पावलांवर, दांडा थरथरला.

"धर," ते म्हणाले.

"धरलंय," मृण्मयी म्हणाली.